आठवड्याचा बाजार, वर्षाची खावटी

दादरा आणि नगर-हवेली म्हटलं की आम्हा गोवेकरांना एकच तारीख आठवते, २ ऑगस्ट १९५४. त्या दिवशी सिल्वासा मुक्त झालं आणि पोर्तुगिजांच्या 'इश्तादु द इंदिया'चा पहिला चिरा निखळला. आझाद गोमंतक दल, विश्वनाथ लवंदे, सुधीर फडके, लता मंगेशकरांनी निधीसाठी पुण्यात केलेला गाण्याचा कार्यक्रम... हे सगळं आपण दर वर्षी नव्याने वाचतो, आणि वाचावंही. पण ज्या मुलखासाठी हे घडलं त्या मुलखातली माणसं काय जेवत होती, त्यांची चूल कशी चालत होती, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता. एकाच झेंड्याखाली आपण आणि ती माणसं १७१ वर्षं राहिलो. पण शेजाऱ्याच्या घरात काय शिजतं हे माहीत नसावं, तसंच काहीसं आपलं झालं आहे.

नगर-हवेली पोर्तुगिजांकडे गेली तीच मुळी पैशांच्या हिशेबात. मराठा आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं, आणि त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहाने पेशव्यांनी दमणजवळच्या काही गावांचा वसूल पोर्तुगिजांना लावून दिला. वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल! त्या बारा हजारांसाठी बहात्तर गावं नेमली गेली आणि १७८३ साली त्यांचा ताबा दिला गेला. दादरा पोर्तुगिजांनी नंतर १७८५ मध्ये विकत घेतलं. मला या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती ही, की हा मुलूख कागदावर आला तो गावांच्या किंवा माणसांच्या नावाने नाही, रकमेच्या नावाने. ती रक्कम ज्यांच्या शेतातून निघायची ते वारली, कोकणा, धोडिया, कोळी-ढोर आणि काथोडी. त्यांच्या पोटाचा त्या तहात उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं.

जंगलाचंही तेच. पोर्तुगालचं शिडांचं शेवटचं मोठं लढाऊ जहाज 'दों फेर्नांदु दुसरा आणि ग्लोरिया' १८४३ साली दमणच्या गोदीत तयार झालं, ते नगर-हवेलीच्या सागाचं. ते जहाज लिस्बनसमोरच्या किनाऱ्यावर जपून ठेवलेलं आहे आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. साग कुठला हे तिथल्या माहितीतही सांगतात. पण सागाच्या त्याच रानात कंद, कोंब, मोह आणि पालेभाज्याही होत्या, आणि त्यांच्यावर वर्षाचे चार महिने निघत होते.

हे चार महिने नीट समजून घेतल्याशिवाय या भागातल्या गरिबाच्या जेवणाचा हिशेब कळत नाही. दमणगंगेवर मधुबन धरण होण्यापूर्वी इथली शेती म्हणजे पावसाची एकच पेर. सखल खाचरात भात, उतारावर नागली (आपली नाचणी), वरई, बांधावर तूर आणि उडीद. पीक हाती यायचं अश्विन-कार्तिकात. खंड, देणं, बियाणं बाजूला काढलं की उरलेलं धान्य होळीपर्यंत पुरलं तर नशीब. चैत्र-वैशाखात मोहाची फुलं, करवंदं, लाकूडतोडीची किंवा वीटभट्टीची मजुरी. आणि मग येई तो आषाढ. घरातली कणगी रिकामी, आणि शेतात तर वर्षातलं सगळ्यात कष्टाचं काम, आवणी. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोप लावायचं, अंगावर पाऊस, आणि पोटात पातळ पेज. सगळ्यात जास्त अन्नाची गरज ज्या महिन्यात, त्याच महिन्यात घरात सगळ्यात कमी अन्न. ही इथल्या भुकेची घडणच आहे. गृहिणीने कितीही काटकसर केली तरी आषाढ काही अश्विनाच्या जवळ येत नाही.

या फटीत सावकार उभा राहिला. 'खावटी' हा शब्द आपल्या गोव्यात फारसा कानावर पडत नाही. ठाणे, पालघर, नाशिक, नगर-हवेली, धरमपूर या पट्ट्यात तो लहान मुलालाही कळतो. खावटी म्हणजे पावसाळ्यात खाण्यासाठी उसनं घेतलेलं धान्य. आषाढात जमीनदाराच्या दारातून एक मण भात आणायचं आणि कार्तिकात दीड मण परत घालायचं. याला दिढी म्हणत. काही ठिकाणी दुपटीही असे. चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के, म्हणजे वर्षाचा दर काढायला गेलं तर तो कुठल्याही बँकेच्या पाटीवर लिहिता येणार नाही! बरं, घेताना धान्याचा भाव सगळ्यात चढा आणि परत करताना सगळ्यात उतरलेला, त्यामुळे पैशाने घेतलेली खावटी धान्याने फेडली तर घेणारा आणखी खोलात जाई. मापही देण्याचं वेगळं आणि घेण्याचं वेगळं असल्याच्या तक्रारी होत्याच. कार्तिकात खावटी फेडली की कणगी आणखी लवकर रिकामी व्हायची, आणि पुढल्या वर्षीची खावटी आणखी मोठी.

मुंबई इलाख्याच्या बाजूला या प्रकाराची चौकशी झाली. डेव्हिड सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस डोंगरी जमातींबद्दलचा जो अहवाल सरकारला दिला त्यात वेठ, कर्ज आणि जमीन हातातून जाणं यांची हकीगत आहे. पण ती हकीगत घरोघरच्या चुलीपर्यंत नेली गोदावरी परुळेकरांनी. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चं पुस्तक (त्याला पुढे १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) तलासरी-डहाणूच्या वारल्यांवर आहे. तलासरी म्हणजे नगर-हवेलीची अगदी शेजारीण. मधली रेघ साहेबांच्या नकाशावर होती, चुलीवरच्या मडक्यात दोन्हीकडे तेच शिजत होतं. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला, मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला आणि माणसं मेली. अडीच रुपयांचा तो आकडा मी नेहमी भाताच्या मापात वाचतो. वेठीतून सुटणं हा स्वाभिमानाचा प्रश्न होताच, पण रोख मजुरी हातात येणं याचा अर्थ आषाढात जमीनदाराच्या दारात न जाता बाजारात जाता येणं, असाही होता.

नगर-हवेलीत पोर्तुगीज अमलात जमिनी 'आलवारा' आणि 'तेरें' अशा पट्ट्यांनी दिल्या जात. पुष्कळ आलवारा बाहेरच्या सधन माणसांकडे गेले आणि कसणारा कूळच राहिला. ती पद्धत मुक्तीनंतरही लगेच सुटली नाही. १९७१ च्या जमीन सुधारणा कायद्याने ती मोडली, म्हणजे सिल्वासा मुक्त झाल्यावर सतरा वर्षांनी. आपल्याकडे मुंडकार कायदा १९७५ चा. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा, झेंडा बदलणं आणि कणगी बदलणं यांत दोन्हीकडे किती वर्षं गेली ते दिसेल.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९५४ च्या जुलैत भारत सरकारने दमणहून नगर-हवेलीत जाणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांची वाट अडवली आणि पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सशस्त्र सैन्याला आणि दारूगोळ्याला नव्हती, आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही. या निकालावर कायद्याच्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण 'माल' या एका शब्दात मीठ, मिरची, सुकट, रॉकेल हे सगळं येतं, आणि चारी बाजूंनी भारताने वेढलेल्या त्या चिमुकल्या मुलखाचं मीठ कायमच भारताच्या बाजारातून येत होतं, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. गोव्यात मात्र नाकेबंदीच्या आठवणी अजून जिवंत आहेत. १९५५ नंतर हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ खाल्लेली माणसं आमच्या आळीत होती, आणि त्या बटाट्यांची चव ती मोठ्या रंगात सांगत. आपल्याला बंदर होतं. नगर-हवेलीला समुद्र नाही.

आता बाजाराकडे येतो. पूर्वीचा आदिवासी संसार वर्षाच्या मापाने चालायचा, पण त्यातला जो थोडा भाग पैशाचा होता तो आठवड्याच्या मापाने. डोंगरातून बाई बाजाराला उतरायची ती डोक्यावर काहीतरी घेऊन. काकडी, दुधी, तोंडली, रानातली शेवळं, डिंक, कोंबडी, सरपणाची मोळी. ते विकून जे पैसे येतील त्यातून मीठ, मिरची, तेलाची बाटली, कांदे आणि सुकी मासळी. सुकी मासळी वाट्याने मिळायची (आपला 'वांटो' तो हाच), आणि जवळ्याचा एक वाटा आठवडाभर पुरवायचा असे. जवळा म्हणजे आपला गालमो. तो तव्यावर भाजून, चुरून, मीठ-मिरची घालून भाकरीशी किंवा पेजेशी जिभेला लावण्यापुरता घ्यायचा. पोट भरायचं काम नागलीचं, घास गिळवायचं काम जवळ्याचं. आमच्या आजीच्या पिढीतली पेज आणि भाजलेलं सुकं खारं आठवून बघा, काही फरक वाटतो का?

फरक एका ठिकाणी आहे. आपल्याकडे पावसाच्या आधी 'पुरुमेंत' भरतात. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कोकमसोलं, चिंच, कांद्याच्या वेण्या. त्यासाठी मे महिन्यात फेस्ताच्या बाजारात रोख रक्कम हातात असावी लागते. ज्या घरात ती असते ते घर पावसाळा स्वस्तात काढतं, कारण त्याने मेच्या भावाने घेतलेलं असतं. ज्या घरात ती नसते ते जुलैच्या भावाने थोडं थोडं घेतं किंवा खावटी काढतं. पुरुमेंत आणि खावटी ही एकाच पावसाची दोन नावं आहेत. दोघींचं गणित तितकंच पक्कं, मेमध्ये गाठीला काय होतं तेवढंच वेगळं. आणि गोव्यातही सगळ्यांच्या माळ्यावर पुरुमेंत होतं असं नाही. कुमेरी करून नाचणी काढणारे आमचे वेळीप, गावडे, कुणबी यांना रिकामा आषाढ ठाऊक होता, ते आपण सोयीस्करपणे विसरतो.

रानाने मात्र दोन्हीकडे हात दिला. पहिल्या पावसात उगवणारी शेवळं काकडाच्या आंबट फळासोबत शिजवतात, म्हणजे घशाला खाज येत नाही. त्याच जातीचा कोवळा पाला आपल्याकडे 'लुती' म्हणून खातात, आणि आपण त्याला अशीच आंबट जोड देतो. टाकळा म्हणजे आपला तायकिळो. बांबूचे कोंब, कुर्डू, खाचरातले खेकडे, ओहोळात चढणारे मासे. कडू कंद तर शहाणपणाची परीक्षाच. त्याचे पातळ काप करायचे, उकडायचे, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायचे आणि कडवटपणा गेला की मगच खायचे. घाईने खाल्ला तर माणूस आजारी पडतो. कुठल्या झाडाचा पाला कोणत्या पंधरवड्यात खायचा याचं आख्खं वेळापत्रक बायकांच्या डोक्यात होतं, आणि त्याला पैसा लागत नव्हता. मोहाच्या फुलांबाबत मात्र सरकार आडवं आलं. मुंबई सरकारने १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा केला, दारू गाळणं थांबवायला म्हणून, आणि फुलं गोळा करण्या-साठवण्यावर बंधनं आली. दारू किती थांबली हे सगळ्यांना माहीत आहे. वाळवून ठेवायची आणि उकडून खायची फुलं मात्र तेव्हापासून चोरीच्या मालात मोजली गेली.

नागलीबद्दल दोन शब्द जास्त लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा भागसुद्धा नाही. तिला कीड लवकर लागत नाही, वर्षं-वर्षं टिकते. खडकाळ उतारावर येते. बाळाला तिचं सत्त्व, म्हाताऱ्याला आंबील, कामकऱ्याला भाकरी, आणि आपल्याकडे सणाला तिजन. स्वस्तात कुटुंब पोसायचं असेल तर याहून चांगलं धान्य या मातीत दुसरं नव्हतं. पण ते 'गरिबाचं धान्य' ठरलं आणि पाहुण्याला भात वाढणं मानाचं ठरलं. पुढे रेशनवर गहू-तांदूळ आले, उतारांवर कारखान्यांच्या भिंती आल्या, आणि नागली डोंगराकडे खानवेलच्या पलीकडे सरकत गेली. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. त्या हंगामात सरकारने नाचणीचा हमीभाव क्विंटलला ३८४६ रुपये ठरवला आणि साध्या भाताचा २१८३. गरिबाचं धान्य त्या हंगामात भाताच्या जवळजवळ पावणेदोन पट भावाचं ठरलं, आणि त्याची बिस्किटं शहरातल्या दुकानात चकचकीत पुड्यात मिळतात.

सायलीला मी गेलो तो माझ्या भाच्याकडे. तो तिथल्या एका सुताच्या कारखान्यात नोकरीला आहे. सायली हे सिल्वासा शहराला लागून असलेलं गाव. १९६१ मध्ये अख्ख्या दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या ५७,९६३ होती, २०११ मध्ये ३,४३,७०९. १९८० च्या दशकापासून करसवलती मिळाल्या आणि कारखाने आले, प्लास्टिकचे, पॉलिएस्टर सुताचे, काय काय. सायलीतही गाळे उभे राहिले, आणि अलीकडे तर २०२३ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालयाची मोठी वास्तू झाली. त्यामागे, रस्त्यापासून जरा आत, पत्र्याच्या चाळी. एका रांगेत दहा-बारा खोल्या. तिथे खानदेशातलं कुटुंब, पलीकडे बिहारचे चार मुलगे, त्याच्यापलीकडे डोंगरातून उतरलेलं वारली जोडपं. मागे-पुढे मराठी, गुजराती, भोजपुरी, वारली बोली सगळं एकाच नळावर.

भाच्याच्या शेजारची बाई नंदुरबारकडची. नवरा कारखान्यात कंत्राटावर, तीन मुलं. मी तिला ताई म्हणत होतो आणि ती मला मामा. बोलता बोलता मी तिला आठवड्याचं स्वयंपाकघर विचारलं. ती हसली, म्हणाली, ''मामा, त्यात काय सांगायचं?'' आणि मग अर्धा तास सांगत बसली. रविवारी बाजार. संध्याकाळी उशिरा जायचं, कारण भाजीवाल्याला माल परत न्यायचा नसतो. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, ती टिकत नाही. मग वांगी, भोपळा, गवार. बटाटा मध्यावर राखून ठेवायचा. बुधवारपासून डाळ पातळ होऊ लागते. गुरुवारी पिठलं, म्हणजे भाजीही नको आणि डाळही नको. शुक्रवारी सुकट. शनिवारी कांदा, लाल मिरचीचा ठेचा आणि भाकरी, किंवा आदल्या दिवशीचा भात फोडणी घालून. अंडी आठवड्याला सहा, त्यातली चार मुलांची. कोंबडी पगाराच्या रविवारी. ''शनिवारी मुलांना भूक जास्त लागते,'' ती म्हणाली. शनिवारी भूक जास्त लागत नाही, शनिवारी ताट रिकामं असतं, हे तिला आणि मला दोघांनाही कळत होतं.

आठवडा असा उतरत जातो, आणि महिनाही तसाच. पगार झाला की तेलाचा पाऊच लिटरचा, वीस तारखेनंतर पाव लिटर, शेवटच्या आठवड्यात दहा रुपयांची पुडी. तीच गोष्ट चहापत्ती, मसाला, साबणाची. पुडीत घेतलेलं सगळं किलोमागे महाग पडतं. एकदम घेतलं तर स्वस्त, हे तिला कुणी शिकवायला नको, पण एकदम घ्यायला लागणारे पैसे महिन्याच्या पाच तारखेलाच असतात आणि त्याच तारखेला खोलीभाडं, शाळा आणि गावी पाठवायची रक्कमही उभी असते. म्हणून दुकानदाराच्या वहीत नाव. तो व्याज लावत नाही, पण भाव तोच सांगतो तो. घराच्या काटकसरीवर लिहिणाऱ्या मंडळींचे सल्ले मी वाचतो, घाऊक घ्या, यादी करा, उरलेलं वापरा. यादी या बाईच्या डोक्यात आहे आणि उरत तर काहीच नाही.

एकट्या मुलग्यांचं वेगळं. ते खानावळीत जेवतात किंवा चौघे मिळून पाळीने भात-डाळ शिजवतात. सायलीतली ती खानावळ पाहून मला गिरणगाव आठवलं. परळ-लालबागला कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गिरणी कामगार कामगारांच्याच बायकांच्या घरी महिन्याच्या बोलीने जेवत. पगार झाला की पैसे, संप झाला की उधारी, आणि किराण्यासाठी त्या बायका सावकाराच्या दारात. म्हणजे डोंगरातली खावटी गिरणगावात वेगळ्या लुगड्यात आली होती, इतकंच. १९७५ साली या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून देणारं अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं, ते काढलं प्रेमाताई पुरव यांनी. प्रेमाताई आपल्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यात पायावर गोळी झेललेल्या. त्यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. गोव्यात त्यांचं नाव जितकं घेतलं जावं तितकं घेतलं जात नाही, हे मला खटकतं. स्वस्त थाळीमागे कुणाचं तरी कर्ज असतं हे त्यांनी ओळखलं, आणि बायकांना काटकसर शिकवण्याऐवजी त्यांचा सावकार बदलला.

सरकारनेही खावटीचा सावकार व्हायचा प्रयत्न केला. महाराष्ट्रात आदिवासी विकास महामंडळामार्फत १९७८ पासून खावटी कर्ज दिलं जाऊ लागलं, काही धान्यात, काही रोख. नाव मुद्दाम तेच ठेवलं, कारण ते लोकांना कळत होतं. मध्ये योजना बंद पडली. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ती अनुदान म्हणून परत आली, कुटुंबाला चार हजार रुपयांचं, निम्मं खात्यात आणि निम्म्याच्या वस्तू, कडधान्यं, डाळी, तेल, मीठ, मिरची, मसाला, चहा. परत करायची नाही अशी ती पहिली खावटी.

दादरा-नगर हवेलीत वेगळाच प्रयोग झाला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य मिळू लागलं, तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलोने. (जानेवारी २०२३ पासून ते फुकट झालं.) पाच माणसांच्या घराला पंचवीस किलो. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यात माणशी महिन्याला सुमारे अकरा किलो धान्य खाल्लं जातं असं दिसलं होतं, म्हणजे रेशन निम्म्या महिन्याचं. उरलेला निम्मा बाजाराचा. हे चालू असताना चंदीगड आणि पुदुच्चेरीपाठोपाठ मार्च २०१६ पासून नगर-हवेलीच्या शहरी भागात धान्याऐवजी पैसे खात्यात द्यायचं ठरलं. हिशेब असा की हमीभावाच्या सव्वापट, त्यातून रेशनचा भाव वजा. कागदावर चोख. पण दुकानात तांदूळ हमीभावाने मिळत नाही. नीती आयोगासाठी झालेल्या पाहणीत सुरुवातीच्या महिन्यांत पुष्कळांना पैसे आले की नाही हेच कळत नव्हतं, आणि तेवढंच धान्य घ्यायला मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च येत होता. हेही खरं की पुढे पुढे रोख रकमेला पसंती वाढली. रेशनच्या धान्यातले खडे आणि बंद असलेलं दुकान ज्याने अनुभवलंय त्याला ते पटेल.

मी ताईला विचारलं, धान्य बरं की पैसे? तिचं कार्ड गावचं, त्यामुळे तिला सायलीत तेव्हा दोन्ही मिळत नव्हतं. पण तिने उत्तर दिलंच. पैसे कधी येतील ते सांगता येत नाही, आले तर ज्या दिवशी येतील त्या दिवशी कुणाचं तरी देणं असतं. तांदूळ घरात आला की तो डब्यात जातो, तो कुणी मागत नाही. शेजारची वारलीण तोवर गप्प होती. ती तिच्या बोलीत एवढंच म्हणाली की तिची सासू अजून डोंगरात नागली पेरते आणि पावसाच्या आधी एक पायली पाठवते. त्या दिवशी तिच्याकडे त्यातली दोन शेर उरली होती, आणि आषाढ लागायला अजून आठ दिवस होते.